वेंडेलची काच

११ जानेवारी १९४४
सकाळी वेंडेल हॉगन माझ्यापुढे हजर! कॅनडाचा, वीस वर्षांचा, बॉम्बरच्या शेपटातल्या काचेच्या कोठडीत मशीनगन घेऊन बसणारा गनर. काल काचेवर तेलाचा ठिपका राहिला होता. याला वाटलं शत्रूचं विमान! ओरडला, वैमानिकानं बॉम्बर गरकन खाली घातलं – नकाशे, कॉफी, माणसं सगळी एकावर एक. आता जेवणघरात जो तो विचारतोय, "काय रे, किती ठिपके पाडलेस?"

विमानांच्या काचा पुसणं माझं काम; ती काच मीच पुसली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा मात्र हसतोय. "बाईसाहेब, काचच काढून टाका. मग खोटं काही दिसायचं नाही."

"गोठून मरशील!"

"आमच्या सस्कॅचेवानला याहून थंडीत गाई दोहतो."

थापाड्या.

१२ जानेवारी
समोरची काच काढली. सार्जंटला न विचारता. स्क्रू इतके गार की बोटं सोलली. "हातमोजे कुठायत?" वेंडेल म्हणे. सरकारी हातमोजे पुरुषांच्या मापाचे, त्यात स्क्रू धरता येतो का? तर त्यानं माझ्या पंजाला पंजा लावून पाहिला. चावट! हातावर फटका दिला.

२९ जानेवारी
भुवयांवर बर्फ घेऊन परतला. मान वळेना. पण दोन विमानं वेळेत हेरली, खरीखुरी! त्यांचा वैमानिक टॉल्बट म्हणाला, "आता हा ओरडला की मी विचारत बसणार नाही." चेष्टा बंद. मला केवढा अभिमान वाटला – जणू मीच पाहिली!

१८ फेब्रुवारी
वेंडेलच्या बॉम्बफेकीच्या तीस फेऱ्या पूर्ण! तीस म्हणजे सुटका. मध्ये एकदा दुसऱ्या विमानाचा गनर आजारी पडला तेव्हा हा गेला होता, म्हणून बाकीचे सहा जण अजून एकोणतिसावर. पोरानं घरी तारसुद्धा केली.

१९ फेब्रुवारी
उद्या त्या सहांची शेवटची फेरी. आणि वेंडेल जातोय!! कडाकडा भांडले. "तुझं झालंय ना? देतील त्यांना नवा गनर."

"नवा म्हणजे ठिपक्यावर ओरडणारा."

मूर्ख. इतका चांगला माणूस मी पाहिलेला नाही.

२१ फेब्रुवारी
विमान आलं. सहा जण उतरले.

टॉल्बट म्हणाला, "त्यानंच आधी पाहिलं, हेस्टर. 'डावीकडे!' ओरडला, मी वळवलं, म्हणून वाचलो. मग हाका मारत राहिलो..."

कोठडी मी धुतली. कुणाला हात लावू दिला नाही. सार्जंट अॅक्रॉइड आला. "काच कुणी काढली?" "मी." त्यानं टोपी काढली. जाताना म्हणाला, "बाकीच्या विमानांच्याही काढ."

३० मार्च
सस्कॅचेवानहून पार्सल. वेंडेलच्या आईचं पत्र, तारीख १९ फेब्रुवारी.

'आज त्याची तार आली, तीस झाल्या! आता निवांत झोपेन. त्याची काच बघणाऱ्या मुलीसाठी हे हातमोजे विणलेत. माप त्यानंच कळवलं – त्याच्या पंजापेक्षा नखभर लहान.'

बरोबर बसतात.