पाठ माझी, कॅमेरा सरांचा

३ नोव्हेंबर, सोमवार
काल तोरण्यावर बिनी दरवाज्याच्या अलीकडं सरांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा तुटला. अकरा वर्षं मीच वाहतोय ती. कुठं उसवलीय ते सरांना दोनदा सांगून झालं होतं. बॅग खाली जाऊ नये म्हणून झेप घेतली, गुडघा सोलून निघाला. सर मागून ओरडले, "दत्ता, आधी लेन्स बघ!" बघितली. शाबूत.
घरी बायकोनं, सुमननं, हळद भरली. म्हणली, "सरांनी गुडगा बगितला का?"
"लेन्स बगितली."
हळदीची वाटी आपटून ठेवली.

६ नोव्हें., गुरुवार
भोरवरनं सरांचा फोन. कॉलेजातनं रिटायर झाल्यापासनं दर आठवड्याला कुठला तरी डोंगर असतोच त्यांचा. नवी बॅग घ्यायचीय. "पाठ तुझी आहे, पसंत तूच करायची. कॅमेरा माझा आहे, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं." हसले. मीही हसलो. का हसलो, कळेना.

९ नोव्हें., रविवार
भात कापायचं टाकून गेलो. वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत एसटी, तिथनं सरांची गाडी, पुणे. दुकानदारानं बॅगांत वजनं भरून एकेक माझ्या पाठीवर चढवली. हिरवी बेस निघाली. कमरेला रुंद पट्टा, सगळा भार कमरेवर, खांदे मोकळे. अशी असती तर आजवर... जाऊ दे.
सरांच्या मनात काळी. तिला बाजूनं चेन, पाठीवर असतानाच उघडते. "तू नुसतं उभं राहायचं, मी मागून लेन्स काढून घेत जाईन." म्हणजे मी कपाट.
तिचा भार खांद्यांवर येतो, तसं सांगितलं. "सवय होईल रे."
कुठली लेन्स कुठल्या कप्प्यात, ते मी बोलत होतो. दुकानदार म्हणला, "फोटोग्राफर का तुम्ही?"
मी तोंड उघडायच्या आत सर म्हणले, "छे, हा आमचा वाटाड्या."
घेतली न्हाई. विचार करू म्हणले.

१५ नोव्हें., शनिवार
भोरला सरांच्या फोटोंचं प्रदर्शन. सु.ला घेऊन गेलो. दारातच मोठ्ठा लावलेला. तोरण्याच्या बुधला माचीवरचा ससाणा, पायात पारवा, पंख अजून मिटायचे. खाली नाव सरांचं.
तो मी काढलाय. दोन वर्षांमागं. सरांचा गुडघा बिनी दरवाज्यापाशीच अडून बसला, तवा कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणले होते, "जा, बघ काय मिळतंय." परत आलो तर स्क्रीन बघून, "आपल्याला जमलं रे!" आपल्याला.
आज माईकवर सांगत होते, "या एका क्षणासाठी तीन तास कातळावर पालथा पडून होतो." टाळ्या.
सु. बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणली, "अवं, सर तर दरवाज्यात डबा खात बसले व्हते न्हवं?"
पुढची दोन माणसं वळली. मी तिचा हात दाबला. गप बस म्हणून.
सरांचं एक वेळ ठीक. पण हात मी का दाबला?
एसटीत सु. खिडकीकडं तोंड करून बसली. घर येईस्तोवर.

१७ नोव्हें., सोमवार
सरांचा फोन. काळीच घेतली. शनिवारी सकाळी तोरणा.
म्हणलो, "सर, ससाण्याचा फोटो म्या काढला व्हता."
सर म्हणले, "कॅमेरा कुणाचा होता, दत्ता?"
"तुमचा. पर माचीवर तुमी न्हवता."
"शनिवारी बोलू." फोन ठेवला. मी फोन कानालाच धरून बसलो. रागानं का भ्यानं...

२२ नोव्हें., शनिवार
आले. डिकीतनं भरलेली बॅग काढली, दोन्ही पट्टे धरून माझ्यापुढं उभे. पोराला दप्तर अडकवतात तसे. "पुढच्या वेळी तुझंही नाव घालू."
"पुढच्या न्हाई. ह्याच फोटोखाली."
"ते आता छापून झालंय."
"मग बॅग तुमची तुमी घ्या. वाट मी दावतो."
वाटलं, गाडीत बसून जातील. न्हाई गेले. चेहरा लाल करून बॅग चढवली आन् निघाले. सदुसष्ट वय. पहिल्याच चढाला तीनदा थांबले. मला वाईट वाटलं. वाईट वाटतं, ह्याचाच राग येतोय.
आता बॅग वाटेत टेकवून दोन पावलं खाली दगडावर बसलेत. मी वर, पंधरावीस पावलांवर. नुसतं बघत बसवंना म्हणून वही काढलीय. अर्धा तास होत आला. सर बोलत न्हाईत, मी उतरत न्हाई. ऊन चढतंय. गडावरनं उतरणारी माणसं बॅगेला वळसा घालून जातायत. एकानं थांबून विचारलं, "कुणाची हो ही?"
सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं.