सहीखालची सही

प्रिय मनोरमा,

राखी पुण्याच्या पत्त्यावर पाठवू की इथे स्टुटगार्टला, असं तू फोनवर विचारलंस आणि मी ‘कळवतो’ म्हणून टाळलं. आता कळवतो, पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. यात एक गोष्ट अशी आहे, की ती वाचून तू राखी कायमची बंद केलीस तर मला बोलायला तोंड नाही. त्रेपन्न राख्या झाल्या. एकही वर्ष चुकवलं नाहीस तू.

इथे बरं चाललंय. प्रसन्न सकाळी साडेसहालाच कारखान्यात पळतो, सूनबाई ऋचा घरूनच लॅपटॉपवर असते आणि माझ्याकडे कचऱ्याचे चार डबे सोपवलेत. कुठल्या रंगात काय टाकायचं, हे मला विमानाच्या वायरिंगहून अवघड गेलं, शपथ! नातीला, अन्वीला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी रागावलो की ‘गेनाऊ, आजोबा’, म्हणजे ‘अगदी बरोबर, आजोबा’, म्हणून पळते. द्वाड आहे.

तिच्या शाळेने एक काम अंगावर घेतलंय. एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, शेवटच्या स्टेशनाच्या वर, टेकडीवरच्या झाडीत एक दगड आहे. १९४४ साली तिथे ब्रिटिशांचं एक बाँबर विमान पडलं, आतले सातही जण गेले. बाँब टाकायला आलेली माणसं ती! तरी गावाने त्यांची नावं दगडावर कोरली आणि पोरं दर वर्षी त्यावरचं शेवाळ घासून काढतात. गेल्या रविवारी तिथे समारंभ होता. अन्वीने सातही नावं कागद न बघता, खणखणीत आवाजात म्हटली. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

मग इंग्लंडहून आलेली एक बाई बोलायला उभी राहिली, आपल्याच वयाची. मला वाटलं, वैमानिकाची कोणी असेल. तर नाही! तिचे वडील त्या विमानाचे मेकॅनिक होते, उडण्याआधी ते तपासून सही करणारे. ते मरेपर्यंत सांगत म्हणे, की ते माझं विमान होतं, मी ठणठणीत करून दिलं होतं आणि ती सात माणसं माझी होती. मान ताठ ठेवून सांगितलं तिने. मी मात्र खाली बसलो. साखर कमी झाली असं वाटून ऋचाने चॉकलेट पुढे केलं, ते मी खाऊन टाकलं.

मधूसाहेब आठवले गं. तुझा दादा, पण आमचे साहेब. ऑफिसर असून हँगरमध्ये आमच्यात बसून चहा प्यायचे. तुझे बेसनाचे लाडू पार्सलने आले की पहिला माझ्या हातावर; मनूचे लाडू आहेत, दात सांभाळ, म्हणायचे आणि स्वतः चार उडवायचे. आमच्याकडे रीत अशी, की विमान तपासणाऱ्याने फॉर्मवर सही करायची आणि वैमानिकाने तो वाचून त्याखाली आपली करायची. दोन सह्या झाल्याशिवाय विमान हलत नाही. बाकीचे घाईघाईत सही ठोकत. साहेब ओळ न् ओळ वाचायचे आणि म्हणायचे, विलास, तुझी सही असली की वाचायची गरज नसते, पण वाचायला बरं वाटतं.

एकाहत्तरच्या युद्धात, डिसेंबरात, ते आणि त्यांचा नॅव्हिगेटर संध्याकाळी उडाले ते परत आले नाहीत. दोन महिन्यांनी मी तुमच्या घरी नाशिकला आलो. आईंनी विचारलं, त्या दिवशी त्याचं विमान कोणी तपासलं होतं? मी म्हणालो, ठाऊक नाही, मी रजेवर होतो.

मनोरमा, मी रजेवर नव्हतो. चौकशी झाली, विमानात दोष नव्हता, खालून तोफेचा गोळा लागला असं निघालं. मला कोणी शब्दानेही दुखवलं नाही. तरी आईंच्या डोळ्यांत बघून ‘मी’ म्हणवेना. शेपूट घातली मी. त्याच वर्षी श्रावणात तुझी पहिली राखी आली, आणि मग तर तोंड उघडणं दर वर्षी अवघड होत गेलं.

खोट्याची लाज आहेच. पण माझा मला खरा राग येतो तो याचा, की जे मिरवायचं तेच मी लपवलं. विमान मी लख्ख करून दिलं होतं. चाकांपुढचे ठोकळे मीच काढले. निघताना साहेबांनी अंगठा दाखवला आणि हसले, अगदी लाडू चोरताना हसायचे तसे. भ्यायलेला माणूस असा हसत नाही. ते कसे गेले हे आईंना सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो म्हणे रजेवर होता! आई ते न ऐकताच गेल्या.

समारंभानंतर मी त्या बाईचा हात धरला आणि म्हणालो, मीसुद्धा. जे तुला सांगायचं ते एका परक्या बाईला आधी सांगितलं, म्हणून तातडीने हे पत्र. तर पत्त्याचं असं, की राखी कुठेच पाठवू नकोस. पौर्णिमेला मी स्वतः नाशिकला येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी पायरीवर घटकाभर बसून परत जाईन. पण उघडलंस, तर राखीला हात पुढे करण्याआधी मला आईंच्या फोटोसमोर उभा कर. मधूसाहेबांनी शेवटची सही कोणाच्या सहीखाली केली, ते त्यांना मान वर करून सांगायचंय. माझ्या.

तुझाच,
त्या दिवशी कामावर असलेला
विलास