शून्यावर न येणारा कॅलिपर

बाबा, आमच्या नव्या न्यूटचं वर्णन गेल्या मंगळवारी शोधपत्रिकेत छापून आलं. न्यूट तुम्हाला आठवत असतील, बेसिंगस्टोकच्या घरामागच्या तळ्यात असायचे ते. दिसायला पालीसारखे, पण बेडकांच्या जवळचे, ओल्या कातडीचे. मी आठ वर्षांची असताना एक ओंजळीत धरून किचनमध्ये आणला, तेव्हा आई ओट्यापासून लांब सरकून म्हणाली होती, "इंग्लंडमध्ये घरात पाली नाहीत म्हणून मी खूश होते, आणि तू त्या बागेतून आणतेस?" तुम्ही पेपर खाली ठेवून एवढंच विचारलंत, "लांबी किती?" मी म्हणाले, बोटाएवढी. "कुणाच्या बोटाएवढी?" मग तुम्ही ड्रॉवरमधून पुण्याहून आणलेला तुमचा स्टीलचा व्हर्निअर कॅलिपर काढलात. दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या गाठी मोजून आलेला माणूस जेवायच्या टेबलावर एका न्यूटचं डोकं मोजतो आहे, हे मला तेव्हा अजिबात विचित्र वाटलं नाही. आकडा मी लिहिला. तुम्ही माझ्या वहीत रेघा मारून तीन रकाने पाडून दिलेत: जे दिसलं ते, दुरुस्ती, आणि दुरुस्तीचं कारण. "कारण नसेल तर दुरुस्ती करायची नाही," तुम्ही म्हणालात. "नाहीतर ती मनाची समजूत."

नवा न्यूट व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरातला आहे. मी शोधला असं मी म्हणत नाही. तिथल्या गावकऱ्यांना तो कायमच माहीत होता. तिथल्या एका संशोधिकेला तो वेगळा वाटला आणि तिने नऊ नमुने लंडनला आमच्याकडे उसने पाठवले. मोजणं आणि कवटीचं स्कॅन करणं हे माझं काम. पाठीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या टोकांवर, त्याला नारिंगी गाठींची रांग असते. शेजारच्या डोंगरातल्या, आधीपासून माहीत असलेल्या जातीपेक्षा या गाठी मोठ्या आहेत. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा, पण नवी जात म्हणायची की नाही हे बरंचसं त्यावर ठरणार होतं. नऊ नमुने मी तुमच्या कॅलिपरने मोजले. लॅबमध्ये डिजिटल होता, तरी तुमचाच घेतला. पुढच्या आठवड्यात जुन्या जातीचे नमुने मोजले, ते मात्र डिजिटलने.

तुमचा कॅलिपर पूर्ण मिटला तरी शून्यावर येत नाही, शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर दाखवतो. हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी बारा वर्षांची असताना एका रविवारी ते तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही सरळ आईला धरलंत. "लोणच्याच्या बरणीचं झाकण याने उघडलंस ना?" आई कणीक मळत होती. "अहो, माझ्या किचनमध्ये हत्यारांचा दुष्काळ पडलाय का?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू काही केलंस?" मी नाही म्हणाले. त्याच आठवड्यात तो माझ्या हातून किचनच्या फरशीवर पडला होता. पुढे सोळाव्या वर्षी, जीसीएसईचा, इथल्या दहावीचा, रिझल्ट लागला त्या दिवशी, तुम्ही तो मला देऊन टाकलात. "दरवेळी शून्य पूर्णांक दोन वजा कर. कारण लिही: आईने झाकण उघडलं." आई आतून म्हणाली, "लिही बाई, तेवढंच माझं नाव सायन्समध्ये."

नऊ नमुन्यांचे आकडे मी दिसले तसे लिहिले. दुरुस्ती नंतर करू म्हटलं, कारण शेवटचा रकाना भरताना हात अडला. खोटं कारण लिहायचं नव्हतं, खरं कधी लिहिलं नव्हतं. आणि मग ते आकडे तसेच पुढे गेले. माझी सुपरवायझर साठीतली, कमी बोलणारी बाई आहे. तक्ता पाहून ती म्हणाली, "या नऊ ओळींना दुरुस्तीचा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. तू असं काही रिकामं ठेवत नाहीस." मी कॅलिपरचं सगळं सांगितलं. शून्य पूर्णांक दोन वजा केल्यावर फरक निम्म्याहून कमी उरत होता. तिने तक्ता माझ्याकडे सरकवला. "मग अजून नवी जात आपल्याकडे नाही. सगळे परत मोज. एकाच कॅलिपरने, आणि तो नको."

तीन आठवडे मी मोजत होते. ते दिवस वाईट गेले असं मी म्हणणार नाही. सकाळी नऊला मी नमुन्याची बाटली उघडते, गाठ मोजते, लिहिते, पुन्हा मोजते. खिडकीबाहेर काय चाललंय ते कळत नाही. गाठींमधला फरक कमी झाला, पण टिकला. शिवाय स्कॅनमध्ये कवटीवरचा एक कंगोरा वेगळा निघाला, आणि त्याला कुठलाच कॅलिपर लागला नव्हता. न्यूटला नाव त्याच्या डोंगराचं दिलंय. तुमचं द्यावं असं एकदा मनात आलं होतं. तुम्ही असता, तर कारण विचारलं असतंत.

परवा आईकडे गेले होते. बातमी सांगितली, मग कॅलिपरचंही सांगितलं, की तो माझ्या हातून पडला होता, तुझ्यावर उगाच आळ आला. आई हसायलाच लागली. "अगं, मी खरंच उघडलं होतं झाकण त्याने. एकदाच. ते बसलं होतं घट्ट, काय करू? तुझ्या बाबांपुढे कबूल करते होय मी!"

म्हणजे शून्य पूर्णांक दोन मुळात कुणाचं, ते आता ठरवता येत नाही. नियमाप्रमाणे कारणाच्या रकान्यात 'अनिश्चित' लिहायला हवं. हे पत्र मी कॅलिपरच्या डबीत, त्याच्याखाली घडी घालून ठेवते आहे. सुपरवायझरला सांगितलं त्याच दिवशी माझ्या वहीत मी त्या नऊ ओळींपुढे लिहिलं होतं, 'लहानपणी माझ्या हातून पडला.' ते मी अजून बदललेलं नाही. बदलायचा विचारही नाही.