देवाची घनता

५ नोव्हेंबर २०२४

देव घरी आले!

आमच्यात थोरल्या भावाकडचा देव धाकट्याकडे येत नाही. पण अण्णा म्हणाले, "सावळ्या, मला दिसंना झालं. वात लावायला गेलो तर परवा बोट भाजलं. खंडोबा तुझ्याकडं ने." निफाडहून एसटीत मुखवटा मांडीवर घेऊन बसलो, लाल फडक्यात बांधून. चांदीचा, तळहातावर मावेल एवढा, चपटा. मागून पत्र्याने बंद. वडिलांनी घडवून घेतलेला.

झुंबरवहिनी पायातले तोडे वाजवत फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. "सांभाळा भाऊ. अन् तुमच्या शाळेतल्यावानी बाटलीत नका घालू देवाला!"

सगळे हसलो. मीही.

१० नोव्हेंबर

चिंचेने देव उजळले. आजवर कधी हातात घेतले नव्हते, तो मान थोरल्याचा. लहानपणी लांबून केवढे जड वाटायचे!

हलके लागतात.

१९ नोव्हेंबर

नववीचा घनतेचा प्रयोग. दरवर्षी मीच मांडतो. वस्तुमान भागिले आकारमान. मुलं लोखंडाचा गोळा पाण्यात सोडतात, सांडलेलं पाणी मोजतात, भागाकारात चुकतात.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबलो. देव डब्यातून नेले होते. आंघोळ करून, सोवळ्यात नेले होते, एवढंच काय ते. तराजूवर १८६ ग्रॅम. तोटीच्या पात्रात काठोकाठ पाणी भरलं, देवांना दोऱ्याने बांधून हळूच सोडलं. सांडलेलं पाणी मोजपात्रात धरलं – ३८ मिलिलिटर.

४.९.

चांदीची साडेदहा. पितळेची साडेआठच्या आसपास. साधं लोखंडही पावणेआठ. पुन्हा केलं. तेच.

ही चांदी नाही.

२१ नोव्हेंबर

बायकोला, साधनाला, सांगायला नको होतं. म्हणाली, "दिसत नाही म्हणून दिला म्हणे! इतकी वर्षं नाही दिला तो?"

मी तिच्यावर ओरडलो. ती माझ्याच मनातलं बोलली, म्हणून.

पूजेत लक्ष लागत नाही. हात जोडले की आकडा आठवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

निफाडला जाऊन आलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं.

अण्णा खुशीत होते. "या शास्त्रज्ञ!" मी शाळेत परिचर, पण गावभर त्यांनी तेच नाव केलंय. वहिनींनी शेंगोळे केले होते. वाढायला आल्या, तोडे छुमछुम. "आज पोटभर जेवा भाऊ, शाळेत तर चहाबी मोजूनच देत असतील."

घास हातात असताना विचारलं. "अण्णा, देव बदलले का?"

कळेना त्यांना. मग सगळं सांगितलं – तराजू, पाणी, ४.९. शांतपणे सांगितलं, वर्गात सांगावं तसं. त्याचंच आता जास्त वाईट वाटतं.

अण्णा ताटावरून उठले नाहीत. अन्नाचा अपमान करायचा माणूस नाही तो. होतं तेवढं संपवलं, हात धुतले. मग म्हणाले, "बाप खोटा होता म्हणतोस, का मी?"

वहिनी म्हणाल्या, "जा भाऊ. शेवटची गाडी जाईल." गाडीला खूप वेळ होता.

२८ नोव्हेंबर

सराफ बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडे देव नेले. म्हटलं, निदान नक्की काय आहे ते कळू दे. त्यांनी कसोटीवर घासलं, आम्लाचा थेंब टाकला. "चांदी आहे. चांगली आहे."

मी घनता सांगितली. ते हसायलाच लागले. "अहो, आत लाख आहे! पत्रा पातळ असतो, दाबला की चेपतो. म्हणून मुखवटे लाखेने भरतात. आमच्या आज्यापासून भरतात."

लाख!

४.९ ही कुठल्याच धातूशी जुळत नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. वस्तू आतबाहेर एकाच पदार्थाची असेल तरच तो आकडा काही सांगतो – हे फळ्यावर लिहिलेलं मी किती वेळा पुसलंय! देव तपासला, आकडा तपासला. आत काय आहे, तेवढं विचारलं नाही.

वाटेत गोदावरीवर गेलो. बसवेना.

१ डिसेंबर

आज जायला हवं होतं. गेलो नाही. फोन हातात घेतला, ठेवला. अशी माफी फोनवर मागतात का? शनिवारी चंपाषष्ठी. तळी भरायला अण्णा-वहिनी येतीलच, देव इथे आहेत. तेव्हा सर्वांसमोर पाय धरीन.

सोय पाहिली मी माझी. दुसरं काय!

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

आले.

अण्णांनी चप्पल काढायच्या आधी खिशातून कागदाची पुडी काढली. आत खंडोबाची लहानशी मूर्ती. अंगठ्याएवढी, पण हाताला चांगली जड. "घे शास्त्रज्ञ. भरीव हाय. सोनारापुढं बसून घडवली. बापाला फसवलं असंल कुणी. मी नाय बदलला. आता घाल पाण्यात."

मी पाय धरले. लाखेचं सांगितलं. बराच वेळ त्यांना उमजेना. मग एकच विचारलं, "म्हंजी बाप खरा?"

"खरा, अण्णा. तुम्हीही."

"मग झालं तर." त्यांनी डोळे पुसले आणि तळी उचलली. येळकोट येळकोट! भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. वहिनींनी आग्रहाने वाढलं. अण्णा दोनदा हसले. मला वाटलं, निभावलं.

८ डिसेंबर

सकाळी साधनाने सांगितलं. नवा देव वहिनींच्या तोड्यांचा आहे.

काल वहिनी किती वेळा स्वयंपाकघरातून माझ्या पानापर्यंत आल्या, गेल्या. पायांचा आवाज नव्हता. माझ्या लक्षातही आलं नाही.