परमुलखात गेलेला पिट्टू

आप्पा, तुमचा पिट्टू गेला. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "पाल्हाळ नगं, मुद्द्याचं बोल." हिरव्या जाड कापडाची ती फौजेतली पाठीवरची पिशवी, झाकणावर तुम्ही स्वतः पांढऱ्या रंगानं, ब्रशनं तुमचा नंबर घातलेली. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली. ट्रंक दादा पुण्याला घेऊन गेला, कांबळं आईनं वापरून वापरून संपवलं, वर्दीचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या हातचं अक्षर म्हणून घरात ते आकडेच काय ते राहिले होते, आणि तेही मी व्हिएतनाममधल्या एका बस स्टँडवर घालवून आले.

व्हिएतनाम कशाला, असं विचाराल. आप्पा, मी आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. सांगलीत सरकारी नोकरी आहे, दोन खोल्यांचं घर आहे, लग्नाचं विचारणारेसुद्धा आता दमले. गेली पाच वर्षं मी वर्षातून एकदा सॅक पाठीवर टाकून एकटीच कुठल्यातरी देशात जाते. स्वस्तातल्या हॉस्टेलात एका खोलीत आठ-आठ पलंग असतात, तिथं विशीतल्या पोरापोरींत राहते. ती पोरं मला आदरानं सरकून जागा देतात आणि मग आपापसात बोलत बसतात. या वेळी पिट्टू मुद्दाम आईकडून मागून घेतला. आई म्हणाली, "कशाला गं त्यो? हितं गपगुमान हाय, ऱ्हाऊ दे की." मी ऐकलं नाही.

पण बेफिकीर नव्हते हो मी. माधवनगरची आपली खोली आठवते ना? तुम्ही पेन्शनीत आल्यावर तिथल्या गोदामावर दिवसपाळीचे वॉचमन, मी सहावीत, आणि आई गावाकडं, रहिमतपूरजवळ, शेत बघायला. तुम्ही स्टोव्हवर पिठलं ढवळता ढवळता मला धडे देत असायचा. कागदपत्रं एका जागी ठेवायची नाहीत. बसताना पाठ भिंतीला. गर्दीत पिट्टू पुढं, पोटावर. परक्याला आपला मुक्काम सांगायचा नाही. पिठलं खाली लागायचं, पण धडा काही अर्ध्यावर सुटायचा नाही. ते सगळं मी परदेशात अक्षरशः पाळते. पासपोर्ट पँटच्या आत शिवलेल्या चोरखिशात, त्याची झेरॉक्स मोठ्या सॅकच्या तळाला. रस्त्याच्या कडेनं चालताना फोन हातात धरत नाही, कारण मोटारसायकलवाले येऊन हिसडा मारतात. कुणी विचारलं की "नवरा हॉटेलवर वाट बघतोय" म्हणून ठोकून देते. नवरा तेवढ्यापुरता कामाला येतो.

आणि कराडचा स्टँड तर मी मेले तरी विसरणार नाही. दिवाळीच्या सुट्टीला आपण गावाकडं निघालोय, गाडी बदलायला कराडला उतरलोय. तुम्ही चौकशीच्या खिडकीकडं गेलाय. मला पाणी प्यायचंय, म्हणून शेजारच्या मावशींना "जरा बघा हं पिशवीकडं" असं सांगून मी नळावर जाते. यात काय चूक? आपल्याकडं स्टँडवर सगळेच तसं करतात. ज्याला सांगितलं तो स्वतःची गाडी सोडेल, पण पिशवी सोडणार नाही. परत येते तर बाकड्यावर पिशवी नाही! मी बाकड्याखाली बघते, मग रडत अख्खा स्टँड धुंडाळते, आणि तुम्ही खांबाआड माझी पिशवी धरून शांत उभे आहात. किती वेळ रडू दिलंत मला! शेवटी त्या मावशीच तुमच्यावर खेकसल्या, "आवं, पोरीला किती रडवताय? बाप हायसा का कोण? माज्याकडनं पिशवी नेली ती नेली, वर मलाबी गप बसाया लावलं!" तुम्ही मला एवढंच म्हणालात, "आता इसरशील व्हय?" रहिमतपूर येईपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. मला तुमचा तेव्हा लय राग आला होता. खरं सांगू, थोडा अजून आहे.

तर व्हिएतनामचा तो स्टँड. भर दुपारची वेळ, पुढची बस यायला तासभर होता. मोठी सॅक स्टँडच्या सामानाच्या खोलीत जमा केलेली, पिट्टू पोटावर, पाठ भिंतीला, सगळं तुमच्या शिस्तीत. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बांबूच्या टोपलीत फणसाचे गरे घेऊन बसली होती. तिनं मला दोन गरे दिले. मी खाल्ले. परक्यानं दिलेलं खायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं, पण हात पुढं झाला खरा. मग हात धुवायला उठले, आणि पिट्टू तिच्याशेजारी ठेवून, तिला सांगून गेले. तिनं मान डोलावली. परत आले तर ती तिथंच होती, हसत. पिट्टू नव्हता. कुणी उचलला, तिनं पाहिलंच नव्हतं. मी बोंबलायला लागले तेव्हा कुठं तिला उमगलं. टोपली तशीच टाकून ती बिचारी फाटकापर्यंत अनवाणी धावली, इकडं तिकडं विचारत सुटली, माझ्याहून जास्त घाबरली. आत काय होतं म्हणाल, तर एक शाल, पाण्याची बाटली आणि बिस्किटं. चोराला काय मिळालं? पोलिसांत लिहून दिलं तेव्हा त्या पोरगेल्या हवालदारानं किंमत विचारली, आणि मी तो रकाना कोराच ठेवून सही केली.

आईला खोटं सांगितलं. मोटारसायकलवरून दोघं आले, पट्टा धरून ओढला, मी फरफटत गेले, असं. आई पिट्टूबद्दल अवाक्षर बोलली नाही. "खांदा दुखावला असंल की गं" म्हणून तेल कोमट करून घेऊन बसली. आता कुठला खांदा सांगितला होता हे मलाच आठवेना! मी डावा पुढं केला, आणि ती तो धडधाकट खांदा चांगला अर्धा तास चोळत राहिली. मग गावभर तीच गोष्ट झाली. चुलते म्हणाले, "एकट्या बाईमाणसानं एवढं लांब जायचंच कशाला?" आई त्यांच्यावर उसळली, "चोरानं चोरी केली, त्यात माज्या लेकीचा काय गुन्हा?" मी मान खाली घालून भाकरी खात राहिले. लाज वाटली आप्पा, फार लाज वाटली.

हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून सांगलीत बसून लिहितेय आणि लिहून झाला की फाडून टाकणार आहे. पण त्याआधी तुम्हाला सांगायला हवं. त्या बाईला ना हिंदी कळत होती ना इंग्रजी, हे मला ठाऊक होतं. फोनवर भाषांतर करून दाखवता आलं असतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी ती पिट्टू मांडीवर घेऊन बसली असती, तशीच होती ती. मी तसं काहीच केलं नाही. मी तिच्याकडं बघून सरळ मराठीत म्हणाले, "आवं, आलेच हं मी." आणि तिला एक अक्षर कळलेलं नाही, हे दिसत असताना निघून गेले. सांगलीत रोज सकाळी मी दाराला कुलूप घालते तेव्हा आत कुणी नसतं. मला एकदा कुणालातरी "आलेच" म्हणून निघायचं होतं, आप्पा.