राग की रुसवा

प्रिय आत्या,

तू जाऊन वर्ष झालं. पत्र आज लिहितेय, कारण काल तुझी सारसाच्या पिल्लाची गोष्ट मी पहिल्यांदाच माझ्या तन्वीला सांगितली.

तुला आठवतं? गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बाबांची बदली तिकडे झाली. आई-बाबा धाकट्या भावाला घेऊन गेले. माझी शाळा अर्ध्यात मोडायला नको म्हणून मला तुझ्या गावी, कारध्याला, तुझ्यापाशी ठेवलं. मी नऊ वर्षांची. रविवारी बाबा भेटायला आले की मी भिंतीकडे तोंड करून बसायची.

"बापासंग बोलत काहून नाई वं?" तांदूळ निवडता निवडता तू विचारलंस.

"मले राग आला."

तू समजावत बसली नाहीस. गोष्टच सुरू केलीस. तलाव आटला, म्हणून सारसाची जोडी पाणी शोधायला दूर गेली. पिल्लू मागे राहिलं. आई-बाप परत आले, तर पिल्लू बांधावर पाठ करून उभं. चारा दिला तरी चोच उघडेना.

"सांग, त्याले राग आला का ते रुसलं?"

"राग आला."

"राग आला असता तं धानात लपलं असतं, कोनाले सापडलंच नसतं. ते तं बांधावरच उभं होतं. रुसलेलं कुठी जात नाई, बाई. कोनी जवळ येईन म्हनून वाट पायते."

पुढच्या रविवारी बाबा मुकाट्याने माझ्यामागे येऊन बसले. त्यांना तूच सांगितलं होतंस ना? मी हळूच त्यांना टेकले. मग खूप रडले.

आणि तरी मी चुकले, आत्या. लग्नानंतर नागपुरात तुझा फोन आला की मी म्हणायची, "नंतर करते." शेवटी तू फोन करणंच सोडलंस. मला वाटलं, रागावली असेल, निवळेल. तू वाट पाहत होतीस, हे मला कळू नये? आणि तूही एकदा स्पष्ट का नाही बोललीस? तू गेल्याचं कळून मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

काल तन्वी माझ्याशी बोलत नव्हती. शाळेच्या कार्यक्रमाला मी याही वेळी पोचले नव्हते. मी ओरडणारच होते. पण ती तिच्या खोलीत गेली नव्हती, स्वयंपाकघराच्या दारातच बसली होती. मी शेजारी बसले, गोष्ट सांगितली. मग तिने विचारलं, "आई, आत्याआजीला मी दोनदाच भेटले. तरी ती आत्ता इथे हवी होती असं वाटतंय. याला काय म्हणतात?"

मी तिला जवळ घेतलं. "मलाही तसंच वाटतंय," एवढंच म्हटलं.

तिला असं काही वाटेल, तेव्हा मी नाव द्यायची घाई करणार नाही. कामं बाजूला ठेवीन आणि तुझी एखादी गोष्ट सुरू करीन, तुझ्याच बोलीत. हा माझा शब्द.

तुझीच,
वैजू