बसल्यावर दिसणारं चित्र

शारजा

प्रिय सुहैर,

आज इथल्या संग्रहालयाचे बासिल आले होते. दारातूनच, नेहमीसारखी आपल्या लैलाच्या नावाने मला हाक मारत म्हणाले, "अबू लैला, चित्रं मुंग्यांसाठी टांगलीत काय?"

"बसणाऱ्यांसाठी. बसा आधी!"

नेमके तुझ्या गादीवर बसले. समोरचं निळं दार, आपण परमुलखात जमवलेल्या इराकी चित्रांतलं पहिलं, बघता बघता चहा विसरले. प्रदर्शनासाठी वर्षभर मागत होते. मी नाही म्हणालो. त्याची उंची मी तुला तिथे बसवून ठरवली होती. तू मोसुलहून येशील तेव्हा ते तिथेच हवं, बोटभरही वर नको.

तुझी आई अजून अंथरुणातच आहे. हे वाचलंस तर तिला सोडून धावत येशील, म्हणून पाठवत नाही. गादी मात्र रोज झटकतो.

तुझाच,
मुंधिर